आम्ही इचोड्याचे

मंडळाच्या गणपतीत, कोजागरीला किंवा नुसत्या ओळखीच्या चहाला एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही मूळचे कुठले?" कुणी सांगतं सातारा, कुणी नांदेड, कुणी वर्धा. माझी पाळी आली की मी म्हणतो, "इचोड्याचा." समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "म्हणजे महाराष्ट्रात कुठे आलं?"

महाराष्ट्रात नाही आलं. इचोडा तेलंगणात आहे, आदिलाबाद जिल्ह्यात. हैदराबादहून नागपूरकडे ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाने निघालात की निर्मल लागतं, मग महबूब घाट, मग नेरडीगोंडा आणि मग आमचं गाव. जुने लोक अजून या रस्त्याला 'सात नंबर' म्हणतात, कारण नंबर बदलण्याआधी तो तसाच होता. पुढे आदिलाबाद ओलांडलं की पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. आमच्यापैकी बरेच जण या रस्त्याने जाताना इचोड्यावरून गेलेही असतील. चहाला थांबला असाल तर टपरीवर मराठी ऐकून चकितही झाला असाल.

मी हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. शिक्षण बीई, वय पस्तीस. गावाचा इतिहास वगैरे माझा विषय नाही. पण दोन वर्षांपूर्वी बाबांनी वावर विकायचं ठरवलं, कागद गोळा करायचं काम माझ्यावर आलं आणि कागदांच्या मागे जाता जाता गावाचा इतिहास हातात आला. त्यातला काही भाग अभिमानाने सांगण्यासारखा आहे, काही नाही. दोन्ही सांगतो.

ट्रंकेतले कागद

आजोबांची लोखंडी ट्रंक माळ्यावर होती. तिच्यात चार प्रकारचे कागद निघाले. सर्वांत जुना हिशेबाचा कागद मोडीत. त्यानंतरचे सरकारी कागद उर्दूत. त्यानंतरचे तेलुगूत. आणि सगळ्यात वर मी स्वतः काढलेले ऑनलाइन प्रिंटआउट, अर्धे तेलुगू आणि अर्धे इंग्रजी. जमीन तीच, विहीर तीच, बांधावरचं मोहाचं झाडही तेच. लिप्या मात्र चार.

त्यांतली मला नीट येते ती इंग्रजी. तेलुगू शाळेत शिकलो, पण सरकारी तेलुगू वाचताना घाम फुटतो. बाबांना मोडी येत नाही. ते मराठी माध्यमात चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं तेलुगूत. म्हणजे आजोबांनी जे लिहून ठेवलं ते त्यांच्या मुलाला वाचता येत नव्हतं आणि नातवालाही नाही. तीन पिढ्या एकाच घरात राहिल्या आणि एकमेकांचे कागद वाचू शकल्या नाहीत.

उर्दू कागद वाचायला गावातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. ते बाबांचे जुने दोस्त, मी त्यांना चाचा म्हणतो. चष्मा पुसत ते म्हणाले, "पहले तारीख देखो बेटा. ये अंगरेजी सन नहीं हय." तारखेच्या जागी होतं १३४८. तो फसली सन. निजामाच्या राज्यात कारभार याच सनावर चालायचा, आणि महिन्यांची नावंही आजुर, दै, बहमन अशी इराणी वळणाची. फसली सनात ५९० मिळवले की आपलं साल मिळतं. म्हणजे कागद १९३८-३९ चा. तुमच्याही घरी मराठवाड्याचे जुने कागद असतील तर हा हिशेब लक्षात ठेवा, उपयोगी पडेल.

सहा कलदार, सात हाली

आजोबा मूळचे पैनगंगेपलीकडचे, पांढरकवड्याजवळचे. तो भाग वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखाली. नदीच्या अलीकडे निजाम. आज आपण पुलावरून गाडी नेतो तेव्हा मोबाइलवर 'वेलकम'चा मेसेज येतो, एवढंच. आजोबांच्या वेळी नदी ओलांडणं म्हणजे राज्य ओलांडणं होतं. नाक्यावर जकात भरावी लागे. या जकात खात्याला करोडगिरी म्हणत आणि आजी हा शब्द शेवटपर्यंत शिवीसारखा वापरायची. पैसेसुद्धा बदलायचे. इंग्रजांचा रुपया कलदार, निजामाचा हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली. आजोबा म्हणायचे म्हणे, की नदी ओलांडली आणि काही न करता श्रीमंत झालो.

ते आले कशाला? कारण साधं होतं. वऱ्हाडात कापसाची चांगली जमीन केव्हाच कुणाकुणाच्या नावावर होऊन गेली होती. घरात भाऊ चार आणि वावर एक. इकडे आदिलाबाद जिल्हा तसा नवा, १९०५ मध्ये झालेला. काळी माती, भरपूर जंगल, विरळ वस्ती आणि सारा कमी. रस्ते होत होते. कापूस पिकवला तर आता बाजारात नेता येत होता. नदीपलीकडून मराठी कास्तकार आले, दक्षिणेकडून तेलुगू शेतकरी आणि व्यापारी आले, बंजाऱ्यांचे तांडे स्थिरावले. मुसलमान कारकून, अंमलदार आणि दुकानदार आधीपासून होतेच.

पण मराठी इथे आमच्याबरोबरच आली असं समजू नका. इथल्या आंध आदिवासींची मायबोली मराठीच आहे. गोंडांची वंशगाथा किंगरीच्या साथीवर गाणारे परधान, त्यांच्याही घरची बोली मराठी. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ जपल्या, ते घरात मराठी बोलतात हे मला स्वतःला तिशीत कळलं. गावांची नावं बघा. इचोडा मंडळात मुखरा (बी) आणि मुखरा (के) अशी दोन गावं आहेत. बी म्हणजे बुजुर्ग, के म्हणजे खुर्द. आपलंच बुद्रुक आणि खुर्द! यातल्या मुखरा (के) चं नाव अलीकडे गांडूळखत आणि स्वच्छतेसाठी वर्तमानपत्रांत येत असतं.

पाच दिवस आणि एक रेघ

१९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा इचोडा स्वतंत्र झालं नाही. आजी सांगायची, त्या वर्षी रझाकारांच्या बातम्या इतक्या वाढल्या की आजोबांनी तिला आणि पोरांना बंडीत घालून रात्रीतून नदीपार माहेरी पाठवलं. ते स्वतः ज्वारी राखायला मागे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आजी दिवाळीला परत आली. घर जसंच्या तसं होतं. शेजारच्या ज्या मुसलमान कुटुंबाने ते राखलं होतं, तेच आता दार लावून घाबरून बसलं होतं. मग काही दिवस त्यांचं धान्य-पाणी आमच्या घरातून गेलं. चाचा त्याच कुटुंबातले. म्हणून तर माझे कागद ते चहाच्या एका कपावर वाचतात.

नंतर आलं १९५६. राज्य पुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाचे भाषेप्रमाणे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला हे आपण शाळेत शिकतो. आदिलाबाद जिल्ह्याचं काय झालं हे कुणी शिकवत नाही. राजुरा तालुका गेला आणि आज तो चंद्रपूरमध्ये आहे. किनवट तालुका गेला, तो नांदेडमध्ये आहे. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं इकडे आली. आणि आमचा बोथ तालुका? त्यातलं फक्त इस्लापूर मंडळ काढून मुंबई राज्याला दिलं. बाकी तालुका आंध्र प्रदेशात राहिला.

म्हणजे रेघ आमच्या तालुक्यातूनच गेली. बाबांच्या आत्याचं सासर इस्लापूरजवळचं. १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी आत्या एका राज्यात आणि तिचा भाऊ दुसऱ्या राज्यात. कुणी घर सोडलं नाही, कुणी गाडी पकडली नाही. पुढे १ मे १९६० ला आत्या महाराष्ट्रीय झाली. तिची मुलं बालभारती वाचून मोठी झाली आणि पुण्याला नोकरीला गेली. आमच्याकडे बाबा पाचवीत तेलुगूच्या वर्गात बसले तेव्हा त्यांना पहिले सहा महिने काही समजत नव्हतं. गुरुजी विचारायचे ते कळायचं नाही आणि हे सांगायचे ते गुरुजींना. "मी मुका नव्हतो," बाबा म्हणतात, "मले मुकं केलं होतं." पण त्यानंतर ते असं तेलुगू शिकले की आदिलाबादच्या कापूस बाजारात दलालांशी भाव करायला गावातले लोक त्यांना सोबत नेत.

अशा रेघा अजूनही जिवंत आहेत. आमच्या पूर्वेला, जिवती तालुक्याच्या सीमेवरच्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचाही दावा आहे. तिथे लोकांकडे दोन-दोन राज्यांची मतदार ओळखपत्रं असतात. आपल्याला हसू येतं. इचोड्याच्या माणसाला येत नाही.

गोंडाचं वावर

आता मुख्य गोष्ट. आमच्या दोन वावरांपैकी सहा एकरांच्या तुकड्याला घरात सगळे 'गोंडाचं वावर' म्हणतात. विहिरीचं वावर, रस्त्याचं वावर, तसं गोंडाचं वावर. मी लहानपणापासून हे नाव ऐकतोय. कोणता गोंड, हे मी कधी विचारलं नाही. बाबांनीही विचारलं नव्हतं.

१३४८ फसलीच्या कागदावर चाचांनी बोट ठेवलं. "ये तुम्हारे दादा का नाम हय. और ये, उन से पहले वाले का." आधीच्या माणसाचं नाव गोंडी होतं. ते मी इथे लिहीत नाही, कारण त्याचे नातू-पणतू आजही जवळच्या गुड्यात राहतात. मोडी कागद मग मी पुण्याच्या एका जाणकारांना फोटो काढून पाठवला. तो साधा हिशेब निघाला. बियाण्याला उसने दिलेले पैसे, लग्नाला उसने दिलेले पैसे, व्याज, पुन्हा व्याज आणि शेवटी एक ओळ, की दीडशे हालीला हिशेब मिटला. म्हणजे सहा एकर.

आजोबा वाईट माणूस नव्हते. गावात आजही त्यांचं नाव निघालं की लोक हात जोडतात. पण त्या काळात या जिल्ह्यात हेच सर्रास चाललं होतं, आणि हे मी नंतर वाचलं. गोंड पिढ्यान्‌पिढ्या कसत आले, पण त्यांच्याकडे पट्टा नव्हता. ज्याला कचेरीची भाषा येत होती त्याने पट्टा करून घेतला. उरलेलं सावकाराच्या वहीने केलं. जंगल राखीव झालं तेव्हा आणखी शेती गेली. 'जल, जंगल, जमीन'चा लढा लढणारा कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने मेला, तो याच जिल्ह्यात. आजोबांच्या कागदानंतर जेमतेम दोन वर्षांनी.

त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना इथे आणलं. ते मारलवाई या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिले. त्यांच्या प्रयत्नांतून गोंडीतून शिकवणाऱ्या शाळा सुरू झाल्या आणि त्यांची पुस्तकं देवनागरीत छापली गेली. त्यांच्या पत्नीची समाधीही मारलवाईलाच आहे. याच कामात एक मराठी अधिकारी होते, सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. हैदराबादच्या सरकारी नोकरीत असताना ते आदिलाबादला होते, गोंडी शिकले आणि गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्या काळात हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले. मराठी माणसाने इथे काय केलं, याची दोन उत्तरं आहेत हे मला त्यातून कळलं. एक पगडींचं आणि एक आजोबांच्या हिशेबाचं.

पट्टे मिळाले तरी प्रश्न संपला नाही. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेलीत जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा आहे, लोक त्याहून खूप जास्त सांगतात. इंद्रवेली आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. तिथला हुतात्म्यांचा स्तंभ मी केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जाताना बसमधून दहा वेळा पाहिला असेल. पाहिला, एवढंच.

रकाना गेला कुठे?

माझं रोजचं काम डेटा एका सिस्टिममधून दुसरीत नेण्याचं. त्यात एक धोका कायम असतो. जुन्या तक्त्यातला एखादा रकाना नव्या तक्त्यात नसतो, मग त्यातली माहिती कुणी मुद्दाम पुसत नाही, ती फक्त पुढे जात नाही. आमच्या वावराचंही तेच झालं. जुन्या पहाणीत पट्टेदाराचा एक रकाना असायचा आणि प्रत्यक्ष कब्जेदाराचा, म्हणजे कसणाऱ्याचा, दुसरा. २०२० मध्ये धरणी पोर्टल आलं तेव्हा कसणाऱ्याचा रकाना गेला. १९८४ मध्ये पटेल-पटवारी पद्धत बंद झाली तेव्हा कुणाचं वावर आधी कुणाचं होतं हे तोंडपाठ असणारी माणसंही दप्तराबाहेर गेली होती. आज प्रिंटआउटवर फक्त बाबांचं नाव आहे. स्वच्छ, एका ओळीत. पाहून वाटावं की ही जमीन सृष्टीच्या आरंभापासून आमचीच.

विक्री मात्र अडली. ते वावर अनुसूचित क्षेत्रात येतं. तिथे १९७० चा एक नंबरचा कायदा लागू आहे, ज्याला आमच्याकडे सगळे 'वन ऑफ सेवंटी' म्हणतात. त्याप्रमाणे बिगरआदिवासीला आपली जमीन दुसऱ्या बिगरआदिवासीला विकता येत नाही. हैदराबादचा जो माणूस फार्महाऊससाठी पैसे घेऊन तयार होता, तो गेला. मी वैतागलो. इथून तिथून काही वाट निघते का, असं एका ओळखीच्या माणसाला विचारलंही. वाटा निघतात, असं तो म्हणाला.

त्या रात्री बाबांना मोडी कागदाचा अर्थ सांगितला. ते बराच वेळ ज्वारीची भाकर कुस्करत बसले. मग म्हणाले, "वाटा नको काढू. एकदा काढली होती वाट, पाह्यलं ना तू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गुड्यात गेलो. त्या माणसाचा नातू आता साठीचा आहे, बाबांच्याच वयाच्या आसपास. पोळ्याला दोघांचे बैल एकाच तोरणाखाली उभे राहिलेले. बाबांनी कागद दाखवला आणि नाव वाचून दाखवलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. वावर कुठलं, किती, कोणत्या वर्षी गेलं, सगळं. "आम्ही पण त्याला वावरच म्हणतो," ते मराठीत म्हणाले, "आमच्या आजोबांचं वावर." मग त्यांनीच सांगितलं, की दुष्काळात आमच्या आजोबांनी त्यांच्या घरी दोन पोती ज्वारी टाकली होती आणि कधी मागितली नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा रडतील. त्यांनी कोरा चहा दिला.

मी ऑफिसात असतो तर म्हणालो असतो की इश्यू क्लोज झाला. तसं काही झालेलं नाही. वावर आता त्यांचा मुलगा कसतो. पहिल्या वर्षी बटईत आम्ही निम्म्याऐवजी चौथा हिस्सा घेतला, या वर्षी घेतला नाही. त्यांच्या नावावर करून द्यायचं बाबांचं ठरलं आहे. माझ्या काकांचं ठरलेलं नाही, आणि कागदावर त्यांचाही हिस्सा आहे. घरात यावरून बोलणं बंद होतं, पुन्हा सुरू होतं. त्या पैशांवर मी फ्लॅटच्या कर्जाचा हिशेब मांडला होता हेही खरं. तो आता नव्याने मांडतोय.

शेवटी एक विनंती

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेत ती तेलुगू शिकते, घरी मराठी बोलते, मैत्रिणींशी इंग्रजी. दिवाळीत आम्ही गावी होतो तेव्हा गोंडांची दंडारी आली होती. डोक्यावर मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी बघून ती आधी माझ्यामागे लपली आणि नंतर त्यांच्यात जाऊन नाचली. परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, आपण इचोड्यात आलो कधी?"

पाच वर्षांपूर्वी मी म्हणालो असतो, आपण कायमचे इथलेच. या वेळी तिला सगळं सांगितलं. नदी, हाली रुपया, रेघ, आत्या, चाचांचं कुटुंब आणि गोंडाचं वावर. महबूब घाट उतरेपर्यंत गोष्ट पुरली.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी कुठून तरी कुठे तरी आलेली आहेत. माळ्यावर एखादी ट्रंक तुमच्याही घरी असेल. मोडी किंवा उर्दू वाचणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, तेव्हा या दिवाळीत ती ट्रंक उघडा आणि कागदांचे नीट फोटो काढून ठेवा. आजी-आजोबा असतील तर त्यांना वावरांची नावं विचारा. आणि एखाद्या वावराला दुसऱ्याच कुणाचं नाव असेल, तर कुणाचं, हेही विचारा.